उसने बी, आपले शेत

वसईतल्या एखाद्या तरुणाने गिटार-ड्रमच्या बँडवर, त्यातल्या चार मित्रांच्या ओढाताणीवर कादंबरी लिहायची म्हटली, की आपल्याच मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. रॉक संगीत परक्यांचे, मग कादंबरीही उसनीच, असा त्यांचा आक्षेप. आम्हांस तो मान्य नाही.

उसनवारी हा दोष ठरवला, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा पायाच उखडावा लागेल. इंग्लंडमधून आलेल्या फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यातली ओवी आणि पुराणाची चौकट त्यांनी इथल्या कवींकडूनच घेतली. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा कादंबरीचा साचा पाश्चात्त्यांचा होता. पण त्यात ओतलेले विधवांचे दुःख इथल्या घरांतले होते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचेच नाव घेतले जाते.

मात्र आम्ही चोरीला परवाना देत नाही. बँड फुटतो, मित्र दुरावतात, काही वर्षांनी पुन्हा एकत्र येऊन वाजवतात, हे कथानक 'रॉक ऑन' या हिंदी चित्रपटाने २००८ सालीच मांडले. त्यालाच वसईचे नाव चिकटवून लेखकाने काय साधले? याउलट विरार लोकलच्या गर्दीत गिटार छातीशी धरून उभा असलेला मुलगा, रविवारच्या मिस्सेत गाणारा त्याचाच गळा, वाडी विकून आलेल्या पैशांतून अँप्लिफायर मागणारा हट्ट आणि त्यावर गप्प राहणारे वडील, हे कोणत्या परक्या पुस्तकात सापडणार? ते त्यालाच लिहावे लागेल.

आणि घेतलेले ऋण उघड मान्य करावे. गोव्याच्या कॅथॉलिक वादकांनी हिंदी चित्रसंगीताचा वाद्यमेळ घडवला. श्रेय बहुधा इतरांना गेले. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ सालच्या गाण्यामुळे सर्वतोमुखी झाले. पण ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते, हे किती जणांस ठाऊक आहे? ज्यांच्या माणसांनी हे सोसले, त्यांनी तरी दुसऱ्याचे नाव गाळू नये.

शुभवर्तमानातल्या धन्याने चाकरांवर सोपवलेले धन त्याचेच होते. ते वापरून वाढवणाऱ्यांना शाबासकी मिळाली. बोल लागला तो जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला. आमच्या तरुणांनी लिहावे, घ्यावे, वाढवावे. आणि कोणाचे घेतले, ते सांगावे.