हिशेब मराठीत वाचून दाखवा
चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मॉडरेटरांना खुले पत्र

माननीय मॉडरेटरसाहेब,


1837 मध्ये अँग्लिकन मंडळीचा मुंबई धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा पहिले बिशप टॉमस कार यांची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेने केली. 1930 मध्ये इथली अँग्लिकन मंडळी चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने वेगळी झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तिच्यात अँग्लिकनांकडून बिशपपद आले. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची रीत सभासदांनी एकत्र बसून ठरवण्याची होती. आज स्थानिक पास्टोरेट कमिटी, धर्मप्रांताची डायोसिसन कौन्सिल आणि साऱ्या चर्चची सिनॉड या तिन्ही ठिकाणी पाळकांच्या बरोबरीने साधे सभासदही बसतात. बिशपांनी एकट्याने कारभार करायचा नाही, ही आपल्या मंडळीची मोठी कमाई आहे असे मी मानतो.

पण गावातल्या मंडळीची वार्षिक सभा पाहा. उपासना संपते, सतरंजीवरच सभा सुरू होते. खजिनदार ऑफरिंग, कापणीच्या सणाचे दान, दुरुस्ती असे एकेक कलम वाचतात. पंख्याच्या बिलावर अर्धा तास वाद होतो. मग ‘डायोसीसचे असेसमेंट’, म्हणजे धर्मप्रांताला द्यायचा वाटा, येतो आणि सगळे गप्प. रक्कम वर गेली, एवढेच लोकांना ठाऊक. तिच्यातून कोणाचे पगार झाले, कोर्टकचेरीवर किती गेले, हे विचारायचे असते हेच कोणी त्यांना सांगितलेले नाही. कौन्सिलवर निवडून गेलेला प्रतिनिधीही परत येऊन क्वचितच काही सांगतो.

मिळकतीचे तर त्याहून अवघड. चर्चची जमीन विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. एखादी जागा भाडेपट्ट्याने गेली की, ज्यांच्या आजोबांनी त्या आवारात विहीर खणली, त्यांना हे कुंपण घातले गेल्यावरच कळते. विश्वस्तांचा निर्णय योग्य असेलही. तो आधी का सांगू नये?

साहेब, यासाठी चर्चची घटना बदलायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक धर्मप्रांताला एक परिपत्रक पाठवा: डायोसीसचे तपासलेले हिशेब आणि मिळकतीचे ठराव दरवर्षी मराठीत छापून प्रत्येक पास्टोरेटला द्यावेत, आणि कौन्सिलच्या प्रतिनिधीने ते सभेत उभे राहून वाचावेत. येत्या वार्षिक सभांच्या आधी हे परिपत्रक निघावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
मंडळीचा एक सभासद