नटवलेली ई-सिगारेट

इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये आला. त्याआधी सप्टेंबरमध्येच अध्यादेश निघाला होता. या कायद्यातील व्याख्या बारकाईने केलेली आहे. एखादा पदार्थ विजेवर तापवून त्याचा फवारा श्वासाबरोबर आत घ्यायला लावणारे उपकरण म्हणजे ई-सिगारेट. मग त्यात निकोटिन असो वा नसो, तिचे नाव, आकार आणि रूप काहीही असो. रूपाचा हा उल्लेख उगाच आलेला नाही. ही वस्तू सिगारेटसारखी दिसायची राहिली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. ती पेनासारखी दिसते, पेनड्राइव्हसारखी दिसते, हायलायटरसारखी दिसते. त्यावर आता घरच्या घरी होणाऱ्या सजावटीची भर पडली आहे. चकचकीत वेष्टन, स्टिकर, रेझिनचा थर, मण्यांची साखळी, आवडत्या कार्टूनचे चित्र अशी ही सजावट असते. परदेशात हा जुना छंद आहे, आणि त्याचे व्हिडिओ पाहायला पुण्यातल्या मुलांना पारपत्र लागत नाही.

व्यसनाच्या वस्तू नटवणे पुण्याला नवे नाही. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा देखणा संग्रह आहे. पानाचा डबा, चुन्याची डबी, तपकिरीची डबी यांवरही कारागिरांनी हात फिरवला. पण या दोन सजावटींत मोठा फरक आहे. नक्षीदार पानाचा डबा बैठकीच्या मधोमध ठेवला जाई. त्यात काय आहे हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असे. ई-सिगारेटवरची सजावट याच्या उलट काम करते. मित्रांना ती ओळखू येते, आईवडिलांना नाही. दप्तरात किंवा कंपासपेटीत ती खपून जाते. शिवाय स्वतःच्या हाताने नटवलेली वस्तू ‘व्यसन’ राहत नाही, ती ‘माझी’ होते. तुळशीबागेतून आणलेल्या मोबाइलच्या कव्हरइतकी ती निरुपद्रवी वाटू लागते. सजावटीचा पहिला अपाय हाच आहे.

दुसरा अपाय भौतिकशास्त्राचा आहे. या उपकरणात लिथियम-आयन बॅटरी असते. मोठ्या, सुट्या भागांच्या उपकरणांत बहुधा १८६५० नावाचा सेल वापरतात. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. त्याचे वरचे टोक धन असते आणि उरलेले जवळजवळ सगळे धातूचे अंग ऋण. दोघांना वेगळे ठेवणारे असते ते एक पातळ प्लास्टिकचे आवरण. हौशी मंडळी हेच आवरण काढून रंगीत आवरण चढवतात. ते नीट बसले नाही, कडेला फाटले, आणि सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत गेला, तर शॉर्टसर्किट व्हायला वेळ लागत नाही.

तापणारी तार घरी बदलण्याचा प्रकार त्याहून धोक्याचा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तारेचा रोध ०.५ ओहम असेल तर ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो. जास्त वाफेच्या हौसेने रोध ०.२ ओहमवर आणला, की तोच प्रवाह २१ अँपिअर होतो. सेल १० अँपिअरसाठी बनवलेला असेल, तर त्याच्यावर दुपटीहून अधिक भार पडतो. जुन्या लॅपटॉपमधून किंवा पॉवर बँकेतून काढलेल्या सेलकडून असे काम करून घेणे म्हणजे आगीला आमंत्रण. सेल आतून तापला की उष्णता वाढवणाऱ्या रासायनिक क्रिया सुरू होतात आणि त्या स्वतःच स्वतःला वेग देतात. आतले द्रावण ज्वालाग्राही असते. निर्माण होणारा वायू बाहेर पडावा म्हणून उपकरणाला छिद्रे ठेवलेली असतात. रेझिनने किंवा स्टिकरने तीच बुजली, तर वायूचा दाब आत कोंडतो. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा उपकरणाच्या स्फोटाने वापरणाऱ्याचा जीव गेला आहे.

तिसरा अपाय द्रवाचा. घरी ‘फ्लेवर’ बनवणाऱ्यांचा युक्तिवाद साधा असतो: खायचा इसेन्स आहे, त्याने काय होणार? पण पोट आणि फुप्फुस यांचे काम वेगळे आहे. खाल्लेले तेल आतडी पचवतात. श्वासातून गेलेले तेल फुप्फुसाच्या वायुकोशांत साचते आणि तिथे दाह निर्माण करते. लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल खाण्यात चालते, पण त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या पॉपकॉर्न कारखान्यांतील कामगारांना श्वासनलिकांचा कायमचा आजार जडला होता. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपिंगमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू होते. तपासाअंती प्रमुख संशय गेला तो गांजातील घटक असलेल्या, बहुतांश अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या द्रवात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ या तेलकट पदार्थावर. त्वचेच्या मलमांत हाच पदार्थ बिनदिक्कत वापरला जातो.

निकोटिनचे गणितही समजून घ्यावे. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटिन जाते. दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम तीव्रतेच्या द्रवाच्या १० मिलिलिटर बाटलीत ५०० मिलिग्रॅम निकोटिन असते. ते त्वचेतूनही शोषले जाते. फळांच्या वासाची, रंगीत चित्राची अशी बाटली घरात रांगत्या मुलाच्या हाती लागली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. न्यूयॉर्क राज्यात २०१४ मध्ये अशा द्रवाने एका वर्षाच्या बाळाचा मृत्यू झाला. त्यानंतर मुलांना सहज उघडता न येणारे झाकण अमेरिकेत कायद्याने सक्तीचे झाले. घरी मिसळलेल्या द्रवाच्या बाटलीला असे झाकण कोण लावणार?

आता कायद्याकडे परत येऊ. ई-सिगारेट ओढणे हा या कायद्यात वेगळा गुन्हा म्हणून नोंदलेला नाही. त्यामुळे ‘विकली तर गुन्हा, वापरली तर नाही’ असा समज तरुणांत पसरतो. पण उत्पादनाच्या व्याख्येत ई-सिगारेट किंवा तिचा कोणताही भाग तयार करणे आणि जोडणेही येते. म्हणजे खोलीत बसून मित्रासाठी सुटे भाग जुळवून देणारा विद्यार्थी कायद्याच्या भाषेत उत्पादक ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरातीच्या व्याख्येत समाजमाध्यमेही आहेत. सजवलेल्या उपकरणाचा कौतुकाचा व्हिडिओ वापराला उत्तेजन देतो असे ठरले, तर तो निव्वळ छंद राहत नाही.

हे सारे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करत होते. टपरीवर तंबाखू उघड मिळते, तेव्हा ई-सिगारेटवरच एवढा रोष का, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर एवढेच की तंबाखूचा तोटा आपण पिढ्यानपिढ्या भोगत आहोत, म्हणूनच निकोटिनचे नवे दार उघडणे परवडणारे नाही. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात लागलेली निकोटिनची सवय अधिक चिवट असते.

घरात अशी वस्तू सापडली तर ती फोडू नये, जाळू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. पुण्यात कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या कामगारांपर्यंत ती जाते, आणि दाबली गेलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती ई-कचऱ्यातच द्यावी. गळलेला द्रव अंगाला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावा. मुलाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चिडचिड, अस्वस्थता, अभ्यासात लक्ष न लागणे ही निकोटिन तुटल्याचीही लक्षणे असू शकतात. अशा मुलाला दरडावण्यापेक्षा १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर त्याच्यासोबत बसून फोन लावणे अधिक उपयोगी. तिथे मदत मोफत मिळते.