युनियन? आपल्यात नसतं ते!

परवा सुट्टी जोडून आली म्हणून नायगावला जाऊन आलो. नायगाव म्हणजे नांदेड-देगलूर रस्त्यावरचं, मुंबईचं नव्हे. आमचे काका मात्र दोन्ही नायगावांत राहिलेत. गिरणीत होते, संपानंतर गावी आले ते कायमचेच.

रात्री ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. मी सहज बोलून गेलो, सध्या कोईमतूरच्या एका कंत्राटी टीमला केटी देतोय. केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवायचं, हेही समजावलं. काका म्हणाले, "म्हंजे तुमचं काम भिवंडीला जायलंय म्हण की. युनियन हाय का नाही तुमच्यात?"

मी हसलो. "आपल्यात नसतं ते, काका."

पुण्याला येताना ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर माझंच हे वाक्य टोचत राहिलं. कुठून आला हा माज?

18 जानेवारी 1982 ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण 1946 च्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. म्हणजे कामगार एकाच्या मागे, मान्यता दुसऱ्याला! तिकडे भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणलं जातच होतं. बारा-बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, युनियन जवळपास नाहीच. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. परळच्या त्या आवारांत आज आपल्यासारख्यांचीच ऑफिसं आहेत.

"म्हणजे युनियनमुळेच गिरण्या बुडाल्या ना?" हे मला लंचला हमखास ऐकवलं जातं. नाही हो! काम यंत्रमागांकडे जाणं संपाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. युनियन मुंबईत होती, भिवंडीत नव्हती. काम त्या फटीतून निसटलं.

आणि आपण कोण? आपण जगाची भिवंडी! माझ्या पहिल्या प्रोजेक्टला ओहायोच्या एका माणसाने सहा आठवडे फोनवरून मला सगळी सिस्टीम शिकवली. शेवटच्या दिवशी 'गुड लक' म्हणाला. तो त्याच्याही नोकरीचा शेवटचा दिवस होता, हे मला नंतर कळलं. ऑक्टोबर 2014 मध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना नोकरी जाणार असल्याचं सांगितलं गेलं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला तो ओहायोवाला आठवला. माझ्या पगाराची मला लाज नाही, नायगावच्या घरावर स्लॅब त्याच पैशातून पडला. लाज याची वाटते की त्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंही नाही.

आता पाळी आपली. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. आपण काय केलं? व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं आणि लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' लावलं.

मोठ्या कारखान्याला, खाणीला, मळ्याला कामगारकपातीआधी सरकारची परवानगी लागते. आपल्या काचेच्या इमारतींना ती अट नाही. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी ते बदललं नाही. उलट कारखान्यांसाठीची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. म्हणजे आपल्याला वाचवणारा 'एचआर' नावाचा गोड आवाज, बस्स.

युनियनची नोंदणी करायला किती लोक लागतात, माहितीय? आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100, जो आकडा कमी असेल तो. हिंजवडीत दुपारी दीड वाजता एका कँटीनच्या रांगेत त्याहून जास्त लोक उभे असतात! पण फक्त हिंजवडीत युनियन काढून भागणार नाही. मुंबईने तीच चूक केली होती. कोईमतूरचा कंत्राटी पोरगाही त्यात हवा, नाहीतर पुन्हा तीच फट.

असो. उद्या सोमवार, केटीचा तिसरा आठवडा. डॉक्युमेंटमध्ये नसलेली एक गोष्ट मी त्या पोराला उद्या सांगणार आहे : माझा पगार. मग त्याचा विचारीन.

सुरुवात कुठूनतरी करायला हवी ना?