जिनीव्हातील न्याय आणि वाशीमचा बाजार

युरोपीय संघाने २०२१ ते २०२७ या सात वर्षांच्या अर्थसंकल्पात शेतीसाठी सुमारे ३८,७०० कोटी युरोंची तरतूद केली. संघाच्या एकूण खर्चाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. या अनुदानांविषयी भारत सरकारचे मत जुने व स्पष्ट आहे. २०१७ साली भारत व चीन यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे संयुक्त निवेदन ठेवून दाखवून दिले की, व्यापाराचा तोल बिघडविणारे सुमारे १६,००० कोटी डॉलरांचे साहाय्य देण्याची मुभा श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या हाती राखली आहे. भारतावर मात्र पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ही तक्रार न्याय्य आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु दुसऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवणाऱ्याने आपले घरही पाहावयास हवे. वाशीम जिल्ह्याचा खरीप मुख्यतः सोयाबीनवर उभा आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी याच वाशीममधून किसान सन्मान निधीचा १८ वा हप्ता वितरित केला. राज्याच्या निधीसह पात्र शेतकऱ्यास वर्षाकाठी १२,००० रुपये मिळतात. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असता, बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. क्विंटलामागे ६०० रुपयांची तूट धरली, तरी वीस क्विंटल विकणाऱ्याचे वर्षाचे साहाय्य एका विक्रीतच संपते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जावे, याला साहाय्य कसे म्हणावे?

आयातशुल्काचीही तीच कथा. कच्च्या सोयातेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आले आणि मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, १० टक्क्यांवर आणले गेले. शहरवासीयांना तेल स्वस्त मिळावे हा हेतू आम्ही गैर मानीत नाही. परंतु त्या स्वस्ताईचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न सुशिक्षित नागरिकाने टाळता कामा नये.

युरोपचे सारेच अनुकरणीय नाही. तेथील थेट साहाय्य बहुतांशी जमिनीच्या क्षेत्रानुसार मिळत असल्याने सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते. अल्पभूधारकांच्या वऱ्हाडात तो मार्ग अनर्थकारक ठरेल. घेण्याजोगी गोष्ट आहे ती निश्चितीची. २०२८ ते २०३४ या काळाचा आराखडा युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्येच मांडला. त्यावर तेथे वाद आहेत. पण पुढील सात वर्षांत शेतकऱ्यास काय मिळेल, याची चर्चा तरी आधी होते.

आमच्या सरकारनेही हमीभावाच्या खरेदीची केंद्रे व मुदत पेरणीपूर्वी जाहीर करावी, खरेदी शेवटपर्यंत पार पाडावी आणि ऐन हंगामात शुल्क बदलू नये. वाशीमच्या शेतकऱ्यास जाहीर केलेला भाव पदरात पडू लागला, म्हणजे जिनीव्हात त्याच्या नावाने केलेल्या युक्तिवादाला खरे बळ येईल.