गिटारची घोडी उधळते तेव्हा



शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवणं, एवढाच माझा संगीताशी संबंध. त्यामुळे नागपूरचा भाचा पारशिवनीला आला आणि म्हणाला, "मामाजी, ही गिटार मी विकून टाकतो," तेव्हा मी गडबडलोच.

भाचा नववीत आहे. दोन वर्षं पैसे साठवून त्याने ही जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. स्नेहसंमेलनात गाणं ऐन रंगात आलं आणि एक तार तुटली. तार तुटण्यात नवल नाही. पण त्याच क्षणी उरलेल्या पाचही तारा बेसूर झाल्या! पोरं हसली. तेव्हापासून गडी गिटारीला हात लावायला तयार नव्हता.

एक तार तुटली तर बाकीच्यांनी का बिघडावं? आम्ही तारा सैल केल्या, गिटार पालथी केली आणि मागचं झाकण उघडलं.

तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजला आपल्याकडे घोडी म्हणतात. सतारीची, तंबोऱ्याची घोडी वाजवताना हलत नाही. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बरं का!) या गिटारीची घोडी मात्र हलणारी. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1954 मध्ये 'स्ट्रॅटोकास्टर' गिटार आणली, तिच्यात ही युक्ती होती. दांडी दाबली की घोडी कलते, तारा सैल होतात, सूर खाली घसरतो. दांडी सोडली की मागच्या स्प्रिंगा घोडीला जागेवर आणतात. या करामतीला त्यांनी 'ट्रेमोलो' नाव दिलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. सूर वर-खाली होतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. पण चुकीचं नावच चिकटलं! गंमत म्हणजे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे आठवलं आणि मला धीर आला.

आतमध्ये चक्क रस्सीखेच चालू असते. एका बाजूला सहा तारा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा. सुरात लावलेल्या सहा तारांची ओढ मिळून साधारण 45 किलो भरते! एक तार तुटली की स्प्रिंगांची बाजू जड होते. घोडी मागे कलते, उरलेल्या तारा ताणल्या जातात आणि त्यांचा सूर चढतो.

यावर एक उपाय म्हणजे घोडी जाम करायची. एरिक क्लॅप्टन या नामवंत इंग्रज वादकाच्या गिटारीतही असाच लाकडी तुकडा घातलेला असे.

भाच्याचा चेहरा उतरला. "मग दांडी?"

"दांडी चालणार नाही. ठरव तूच."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सूर पाहिजे, मामाजी."

आम्ही गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "वाद्यातलं आपल्याले समजत नाही गुरुजी. पण फट भराची असन तर ते काम आपलंच आहे."

आधी स्प्रिंगा अडकवलेल्या पंजाचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळले. घोडी गिटारीच्या अंगावर सपाट टेकली. घोडीखाली, आतल्या खाचेत धातूचा ठोकळा असतो. तो ठोकळा आणि खाचेची मानेपासून लांबची भिंत, यांच्यात फट होती. काकांनी वाळलेल्या सागवानाचा तुकडा कापला. तो जरा जाड झाला. मी हातोडी उचलली, तसे ते ओरडले, "ठोकू नका, लाकूड फाटन!" मग पॉलिश पेपरवर घासत घासत तो अलगद पण घट्ट बसेल असा केला. गोंद लावला नाही. उद्या दांडी परत हवी झाली तर तुकडा काढता आला पाहिजे ना!

घोडी खाली बसल्यामुळे तारा गळ्यावरच्या पडद्यांना लागून झणझणू लागल्या. छोट्या एलन कीने त्यांचे टेकू जरा उचलले, सूर लावले आणि परीक्षा घेतली. भाच्याने एक तार मुद्दाम पूर्ण सैल सोडली. मी श्वास रोखला. त्याने उरलेल्या पाच तारा एकेक करून छेडल्या. पाचही सुरात!

त्या रात्री आमच्या अंगणात तो जेवणाची हाक येईपर्यंत वाजवत होता. दांडी मात्र त्याने जपून खिशात ठेवली आहे.

करून पाहा : पातळ पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यावर लांबीच्या बाजूने एक रबरबँड लावा. छेडा आणि सूर लक्षात ठेवा. आता आणखी पाच लावा. खोकं दबेल आणि पहिल्याचा सूर उतरेल. मग खोक्याच्या लांबीची एक काडी आत घट्ट बसवा आणि पुन्हा ऐका. फरक वहीत लिहा.

आणि हो, खरी गिटार उघडायची तर आधी तारा सैल करा आणि मोठ्यांना सोबत घ्या. ताणलेली स्प्रिंग निसटली तर डोळ्याला लागू शकते.

तुमचा,
गुरुजी