तेरा हजार फूट वर, चाळीस फूट खाली



या सदरात एरवी राब, तरवा, बियाणे आणि खते यांच्याच गोष्टी होतात. परंतु खडवलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांचा नातू मोबाइलवर विमानातून उड्या मारणाऱ्या माणसांची चित्रे बघत बसतो आणि मोठेपणी मीही हेच करणार म्हणतो. तर हे काम आहे तरी काय, आणि अशा रणरणत्या उन्हाळ्यात ती माणसे दिवसभर करतात तरी काय? प्रश्न मला आवडला. शिवाय वैशाखात आपल्या गावोगाव जे एक काम निघते, त्याच्याशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

प्रथम हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट. तिचे तत्त्व आपल्याला नवे नाही. आवणीच्या दिवसांत डोक्यावर इरले घेऊन बांधावरून चालताना समोरून वावधान आले की इरले माणसाला मागे रेटते. पसरलेल्या वस्तूला हवा अडवते, एवढेच ते तत्त्व. आताची छत्री मात्र पूर्वीसारखी गोल नसते. गादीच्या खोळीसारखी लांबट चौकोनी असते, पुढच्या तोंडातून तिच्यात हवा भरते आणि तिला पंखाचा आकार येतो. दोन हातांत दोन दोऱ्या. उजवी ओढली की छत्री उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. बैलाचा कासरा धरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

हे काम करणारी माणसे परकी नाहीत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली, तेव्हा तेथे तापमान शून्याखाली ३७ अंश होते. त्याआधी त्यांनी सरावाची एकही उडी घेतली नव्हती. (हे धाडस मान्य, पण नातवाने एवढी एक गोष्ट उचलू नये!) २००६ च्या डिसेंबरात त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या समोर २१,५०० फुटांवरून. त्यांच्याही आधी, १९७९ सालीच, रेचल थॉमस यांनी या उड्यांना सुरुवात केली होती. सैन्यात तर हे काम जुनेच आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात टांगाइलला विमानांतून उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. आजही सैन्यातले छत्रीधारी आग्र्याला शिकतात आणि पाच उड्या पुऱ्या झाल्या की छातीवर पंखांचे चिन्ह लागते. तेव्हा आजीबाईंनी नातवाला नाउमेद करू नये. शाळा पुरी करू द्या, अंग कमवू द्या, भातसा नदीत नव्हे तर शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली पोहायला शिकू द्या. खडवलीच्या डोहात दर उन्हाळ्यात काय होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे.

आता त्यांचा दिवस. उन्हाळ्यात तो आपल्यासारखाच उजाडण्याआधी सुरू होतो, आणि कारणही आपलेच, वारा. मैदानाच्या कडेला काठीवर एक कापडी पिशवी लटकत असते. ती किती फुगली आणि कोणीकडे वळली हे पाहिल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. खळ्यावर सूप हातात घेण्यापूर्वी आपली म्हातारी माणसे चिमूटभर धूळ उडवून बघतात, तसेच ते. नवख्यांच्या बाबतीत वारा ताशी २० ते २२ किलोमीटरच्या वर गेला की काम बंद. मग पैसे भरलेले असोत की पाहुणे आलेले असोत.

सकाळी दहा-अकरानंतर जमीन तापते आणि गरम हवेचे लोट वर चढू लागतात. घारी पंख न हलवता घिरट्या घालीत वर जातात त्या याच लोटांवर. रिकाम्या खाचरात पाचोळा गरगरत उठतो ती वावटळही त्यांचेच पोर. छत्री जमिनीजवळ अशा वावटळीत सापडली तर मिटू शकते, आणि घराएवढ्या उंचीवर ती पुन्हा फुलायला वेळ नसतो. आणखी एक गोष्ट. तापलेली हवा विरळ होते. तिच्यात विमान सावकाश चढते, आणि छत्रीला आधार कमी मिळाल्यामुळे माणूस थंडीच्या दिवसांपेक्षा जोरात खाली येतो. म्हणून उन्हाळ्यात उड्या घ्यायच्या त्या सकाळी, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी सावलीत बसायचे. एवढी महागडी विमाने असलेली माणसे दुपारी काम बंद ठेवतात, आणि आपण बारा वाजता राब भाजायला किंवा कवळाचे भारे वाहायला निघतो.

प्रत्यक्ष उडी फार थोडा वेळ चालते. विमान तेरा हजार फुटांवर जाते. खाली ३९ अंश असले तर तेथे साधारण १३-१४ अंश असतात, कारण दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होत जाते. खाली घामाने निथळलेला माणूस वर कुडकुडतो. दार उघडते, तो बाहेर पडतो आणि ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या वेगाने पाऊण ते एक मिनिट खाली येतो. मनगटावर उंची दाखवणारे घड्याळ असते. चार-पाच हजार फुटांवर तो छत्री उघडतो आणि पुढची चार-पाच मिनिटे तरंगत, शेवटी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. झाले.

पण खरे काम उडीचे नव्हेच, घडीचे. उतरल्याबरोबर छत्री गोळा करून सावलीत आणायची, दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, कापडाच्या घड्या ठरलेल्या क्रमाने घालायच्या आणि भलतेच निसरडे ते नायलॉन पिशवीत कोंबायचे. पत्र्याखाली बसून, गुडघ्यांनी दाबून, घाम पुसत. एका मिनिटाच्या पडण्यासाठी दहा-पंधरा मिनिटांची घडी, आणि दिवसात अशा कितीतरी. यात एक दोरी चुकीची गेली तर वर कोणी सोडवायला येणार नाही. छत्री उन्हात पडू देत नाहीत, कारण उन्हाने नायलॉनचा जीव जातो. दिसायला कापड तसेच दिसते, ताकद मात्र निघून गेलेली असते.

एवढे करूनही त्यांचा स्वतःवर भरवसा नसतो. पाठीवरच्या पिशवीत दुसरी छत्री असते. ती ठराविक मुदतीत उघडून परवाना असलेल्या माणसाकडूनच पुन्हा घडी करून घ्यावी लागते, मग ती वर्षभर वापरली गेलेली नसली तरीही. शिवाय एक लहानसे यंत्र असते. माणूस बेशुद्ध झाला किंवा गोंधळला आणि जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवरही त्याच वेगाने पडत राहिला, तर ते यंत्र आपणहून दुसरी छत्री सोडते. आणि तपासणी तीनदा: पाठीला लावण्याआधी, विमानात चढण्याआधी, उडी घेण्याआधी. हजार उड्या झालेला माणूसही दुसऱ्यासमोर पाठ करून उभा राहतो आणि म्हणतो, बघ रे बाबा, सगळे ठीक आहे का. यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आता आपल्याकडे या. वैशाखात विहिरी आटतात आणि गाळ काढायचे काम निघते. तेरा हजार फूट वर जाणारा माणूस दोन छत्र्या घेऊन जातो. चाळीस फूट खाली जाणारा आपला माणूस एका दोरावर जातो. आणि तो दोर कसला? बहुधा नायलॉनचाच, वर्षभर रहाटाजवळ उन्हात पडलेला, मध्ये दोन गाठी मारलेल्या. वर सांगितले ना, नायलॉनचा जीव उन्हाने जातो. दोर पिळून त्याचे पेड उघडून पाहा. आतले धागे बाहेरच्या धाग्यांहून वेगळ्या रंगाचे दिसले, बोटाला भुकटी लागली, किंवा केसाळ तंतू तुटून येऊ लागले, तर तो दोर बादलीला ठेवा, माणसाला नको. काथ्याचा दोर उन्हाला टिकतो, पण ओलसर राहिला की आतून कुजतो. गाठ असलेला दोर गाठीपाशीच तुटतो, हेही लक्षात असू द्या.

दोरापेक्षा मोठा धोका हवेचा. वरच्या पंपाने पाणी व्यवहारात २०-२२ फुटांपर्यंतच ओढले जाते. पाणी त्याच्या खाली गेले की काही जण डिझेल इंजिनच विहिरीत टप्प्यावर उतरवतात. त्याचा धूर खाली साचतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला गुंगी येते आणि तो बसल्या जागी लवंडतो. वरून भाऊ बघतो, दोर न बांधता धावत उतरतो, आणि तोही तेथेच. मग तिसरा. एका घरातली माणसे एका दुपारी अशी जातात. वर्तमानपत्रात या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि आपण त्या वाचून अंक चुलीपाशी टाकतो.

तेव्हा इंजिन विहिरीत उतरवूच नका. वीज असेल तर पाण्यात बुडणारा मोटारपंप भाड्याने आणा. त्याचे भाडे चौघांनी वाटून घेतले तर जड जात नाही. इंजिन आत चालले असेल तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, कंदील विझला तर खाली प्राणवायू नाही, उतरणे बंद. पण कंदील जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण इंजिनच्या धुरात माणूस मरतो तेव्हाही कंदील जळत असतो. आणि वरून झाकलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत कंदील सोडूच नका. तेथला वायू पेट घेतो. अशी विहीर आधी उघडी ठेवा, झाडाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून बराच वेळ वर-खाली करा म्हणजे हवा ढवळली जाईल, आणि शंका राहिली तर उतरू नका.

उतरणाऱ्याच्या काखेखालून छातीभोवती दुसरा दोर बांधा, आणि त्याचे टोक वर दोन धडधाकट माणसांच्या हाती असू द्या. ही त्याची दुसरी छत्री. दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारा. ओ आली नाही की विचार करीत बसू नका, ओढा. खाली कोणी उतरू नका. १०१ ला अग्निशमन आणि १०८ ला रुग्णवाहिका बोलवा. उतरण्यापूर्वी दोर, गाठ आणि रहाट त्याने स्वतः एकदा व दुसऱ्याने एकदा पाहावा. नवऱ्याचा दोर बायकोने तपासला तर हसणारे चार जण भेटतील. हसू द्या.

हे कामही सकाळी दहाच्या आत आटपा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर बसलेली माणसे ऊन लागून दगावली. ती तर नुसती बसलेली होती. गाळाची पाटी ओढणाऱ्याला दर अर्ध्या तासाने पाणी, मीठ घातलेले ताक किंवा पेज द्या. तहान लागण्याची वाट पाहू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर सावलीत निजवून ओल्या फडक्यांनी अंग पुसत वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जाते.

काढलेला गाळ मात्र टाकू नका. उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, खाचराच्या ज्या कोपऱ्यात भात पिवळे पडते तेथे पसरा. पुढील अंकी तरव्यासाठी बियाणे निवडण्याची मिठाच्या पाण्याची रीत सांगेन. त्यासाठी १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ लागेल, ते आणून ठेवा.