गच्चीवरच्या कोरड्या टाक्या : आमच्या महापालिकेच्या आयुक्तांना खुलं पत्र

आयुक्त महोदय,

हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांवर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

सोलर हीटर बसवला, म्हणून 2019 साली आमच्या 48 घरांच्या इमारतीला भोगवटा पत्र मिळालं. कागदावर क्षमता 4,800 लिटर. गच्चीवर टाक्या 12, प्रत्येकी 300 लिटरच्या. म्हणजे 1,200 लिटर पहिल्याच दिवशी कमी. आज 7 टाक्या कोरड्या आहेत. 360 काचेच्या नळ्यांपैकी 141 फुटलेल्या किंवा काढून ठेवलेल्या. उरलेल्यांत बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसलाय. मागच्या महिन्यात मी प्लंबरकडून एक नळी काढून घेतली. तळाशी वीतभर पांढरा थर होता, खडूसारखा नव्हे, दगडासारखा. आणि रबरी रिंग बोटांतच तुकडे होऊन पडली. खाली येणाऱ्या पाइपवर उष्णता धरून ठेवणारं आवरण कधी घातलंच नव्हतं. तळमजल्यावर सकाळी सहाला नळ सोडला की दोन बादल्या गार पाणी मोरीत जातं, तिसरी कोमट येते. 44 घरांनी गिझर लावलेत.

बिल्डर म्हणतो, हमी संपली. त्याच्याशी आम्ही भांडतो आहोतच. आपल्यावर माझा आरोप वेगळा आहे : आपल्या माणसांनी टाक्या मोजल्या नाहीत, पाण्याला हात लावला नाही आणि सही केली. त्या सहीवर आम्हाला दरवर्षी घरपट्टीत सवलत मिळते. बंद पडलेल्या हीटरसाठी! ती सवलत घेताना मला लाज वाटते. चौथ्या पत्रात मी ती काढून घ्या असंही लिहिलं होतं.

नुकसान किती, तेही मांडतो. 100 लिटर पाणी 22 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण साडेचार युनिट लागतात. 48 घरांचे दिवसाला 216. वर्षात 300 दिवस ऊन धरलं तर 64,800 युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे कागदावरची क्षमता खरी असती तर एका इमारतीमागे वर्षाला 45 टन वाचला असता. शहरात अशा किती गच्च्या आहेत, हे आपल्या दप्तरात असायला हवं.

गच्चीवरच्या सौर विजेसाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2024 पासून 3 किलोवॉटच्या पॅनेलला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते मिळावंच. पण आम्हा 48 घरांना गच्ची एकच. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. धड चालणारा हीटर निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतो. आंघोळीच्या पाण्यासाठी यापेक्षा सरळ साधन नाही. हीटरचं केंद्राचं अनुदान 2014 मध्ये थांबलं. तेव्हापासून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपर्यंत तो पोचतो तो मुख्यतः बांधकामाच्या नियमामुळे, आणि तो नियम राबवणं आपल्या हातात आहे. इस्रायलने 1980 साली नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला. आज तिथल्या बहुतेक घरांत पाणी उन्हावर तापतं. सक्ती आपल्याकडेही आहे, पण ती टाकी गच्चीवर चढवण्यापुरती. त्या टाकीतून गरम पाणी येतं का, हे विचारायला इतक्या वर्षांत कुणी आलं नाही.

माझी मागणी एकच आहे. सवलत देण्याआधी दरवर्षी हिवाळ्यात सगळ्यात खालच्या मजल्याच्या नळाचं तापमान मोजून नोंदवा. पाणी तापत नसेल तर सवलत थांबवा, आणि हमी चालू असेल तर बिल्डरला नोटीस काढा. आमच्यापासून सुरुवात करा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. सकाळी सहाला माणूस पाठवा, मी खाली उभा असेन.

आपला,
सोसायटीचा सचिव